बाकड्यातल्या भुंग्याचा पंचनामा

तालुका सिंदेवाही, आपलंच गाव,
दिनांक २७ मार्च, दुपारी चार (चहाची वेळ)

श्रीयुत पत्रूभाऊ मडावी यांसी,
मुक्काम सिरोंचा, लेकीचं घर.

माझ्याकडून जय भीम, तुमच्या बाजूचा जोहार, आणि आमच्या रुखमाकडून दोन्ही. पत्र लिहिण्याचं कारण शेवटी सांगतो, आधी तब्येत. आपले गुडघे कसे आहेत? गोदावरीकाठच्या हवेनं सुटले की आणखी धरले? तिकडे भाजीत मिरची सढळ हातानं घालतात असं ऐकतो, आणि आपला तो दुसरा त्रास (नाव लिहीत नाही, पत्र चि. रीनाच्या हाती पडू शकतं) पाहता ताक रोज घेत जावं. जावई सुनिलरावांस नमस्कार. नातू आपल्याला 'ताता' म्हणून हाक मारतो आणि आपण ओ देता, असं मिरचीच्या गाडीवरच्या प्रवीणनं सांगितलं. आनंद झाला. पंधरा दिवसांत आपण तेलुगू शिकलात म्हणायचं. इथं बावीस वर्षं मी तुम्हाला वनखात्याची भाषा शिकवत होतो, तेव्हा 'सदर इसम' या दोन शब्दांपलीकडे गाडी गेली नाही. (हे 'आपण' आणि 'तुम्ही' पाहून दचकू नये. बावीस वर्षं अरे-तुरे केलं हे खरं, पण सध्या आपला अबोला चालू आहे, आणि अबोल्यात अरे-तुरे बरं दिसत नाही. मध्येच कुठं 'तू' आलं तर ती पेनाची चूक समजावी.)

पत्रच का, फोन का नाही, असं आपण विचाराल. आपण विचारणार नाही, माहीत आहे, तरी सांगतो. आपला फोन बंद आहे. रीनाच्या फोनवर केला तर पोरगी म्हणते, बाबा मासोळ्या पाहाले गेले. सकाळी केला, मासोळ्या. दुपारी केला, मासोळ्या. भर उन्हात बारा वाजता केला तरी मासोळ्याच. एवढ्या वेळात तर गोदावरीतली एकेक मासोळी आपल्याला नावानं ओळखू लागली असेल. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. पोस्टमन सही घेतल्याशिवाय सोडणार नाही, आणि आपला हात सही करायला किती तयार आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आता मुद्दा. हे माफीचं पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. चौतीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केलेला माणूस माफी मागत नाही, अहवाल देतो. तेव्हा हा अहवाल आहे, आणि अहवालात सगळं पहिल्यापासून लिहावं लागतं, समोरच्याला माहीत असलेलंसुद्धा.

घटनेची पार्श्वभूमी अशी. माझ्या निवृत्तीच्या वेळी, म्हणजे दोन वर्षांमागे, आपल्या दारचा आंबा वादळात पडला होता, त्याच्या लाकडाचं आपण एक बाकडं बनवून दिलं. खात्यानं मला नारळ आणि शाल दिली, आपण बाकडं दिलं, आणि तिन्हींपैकी आजवर कामी आलेली वस्तू एकच. ते बाकडं आमच्या परसातल्या वाडीत, दुधीच्या मांडवाखाली, रुखमाच्या वांग्यांच्या वाफ्याशेजारी ठेवलं. रोज दुपारी चार वाजता आपण यायचं, डावीकडे आपण, उजवीकडे मी, मधे चहा, आणि अंधार पडेतो गावातल्या प्रत्येक माणसाचं कसं चुकतं आहे ते ठरवायचं. फार चांगले दिवस होते ते. फक्त एका गोष्टीवरून आपलं वाजलं होतं. आपण म्हणत होता, आंब्याचं लाकूड नरम असते, याले रंग लाव, नाई तं दोन वर्षांत खाल्लं जाईल. मी म्हटलं, लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे, आयुष्यभर झाडं राखली ती काय हिरवा ऑइलपेंट फासायला? आपण दर आठ दिवसांनी रंगाचं काढायचं, मी दर आठ दिवसांनी नाही म्हणायचं. फेब्रुवारीच्या शेवटी तर जरा जास्तच झालं आणि आपण चहा अर्धा ठेवून उठलात. (तो अर्धा चहा मी प्यायलो. साखर कमी होती.)

त्यानंतर आठवड्यानं, म्हणजे ४ मार्चला सकाळी, मी वाडीत पाणी द्यायला गेलो तर बाकड्याखाली ताजा पिवळा भुसा! दुसरा कोणी असता तर त्यानं झाडू आणला असता. पण पत्रूभाऊ, मी भुसा पाहिला की माझ्या अंगात अजून खात्याचा माणूस जागा होतो. जंगलात भुसा दिसला म्हणजे करवत चालली, करवत चालली म्हणजे माणूस आला, माणूस आला म्हणजे वनगुन्हा. चौतीस वर्षं हेच केलं. मी तिथंच उताणा निजून बाकड्याच्या बुडाकडे पाहिलं, तर एक गोल छिद्र, करंगळी जाईल एवढं, गिरमिटानं पाडावं तसं स्वच्छ. (उठताना कमरेत उसण भरली. ती नोंद वेगळी.) मग मी घटनास्थळाला चारी बाजूंनी सुतळी बांधली, भुसा प्लास्टिकच्या पिशवीत भरून लाखेनं सील केला, सायकलच्या चाकाची तार छिद्रात घालून खोली मोजली आणि रीतसर पंचनामा लिहिला. त्यातला उतारा जसाच्या तसा देतो, कारण पुढं त्याच्यावरच सगळं अडणार आहे:

'सदर बाकड्याच्या बुडास, डावीकडील पायापासून दीड वीत अंतरावर, एक गोल छिद्र दिसून आले. छिद्र आत एक पेर सरळ जाऊन पुढे वळते. सदर छिद्र सुतारकामाचे ज्ञान असलेल्या इसमाने हत्याराच्या साहाय्याने पाडल्याचे दिसते.'

त्या दिवशी चार वाजता आपण आलात. आदल्या आठवड्याचा राग विसरून आलात, हे मला आता दिसतं, तेव्हा दिसलं नाही. मी कागद पुढं केला. आपण नेहमीप्रमाणे चष्मा न काढता, म्हणजे खिशातून न काढता, पंच क्रमांक एकच्या जागी आपली ती मोठ्या गोल अक्षरांतली सही ठोकली, सुतळी ओलांडून बाकड्यावर बसलात आणि चहा मागितला. बावीस वर्षांत माझ्या प्रत्येक पंचनाम्यावर आपण असेच पंच होता. नाल्यातला सागाचा ओंडका असो की मेलेलं रानडुक्कर, मी बोलावल्याबरोबर आपण यायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि कागद न वाचता सही करायची. लोक म्हणायचे, देवाजीचा उजवा हात पत्रूच्या खांद्याला लावला आहे. (हे मी आपल्याला कधी सांगितलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून.)

आता माझी चूक कशी झाली ते सांगतो. चूक म्हणजे तांत्रिक चूक. दोन दिवसांनी मी माझाच पंचनामा पुन्हा वाचला. चांगला लिहिला होता. वाचता वाचता त्या वाक्याशी आलो, 'सुतारकामाचे ज्ञान असलेल्या इसमाने', आणि अंगावर काटा आला. गावात सुतारकामाचं ज्ञान असलेला इसम एकच. त्याच्याकडे गिरमिट आहे. तो रोज घटनास्थळी येतो. त्यानं म्हटलं होतं की रंग लावला नाही तर लाकूड खाल्लं जाईल. आपलं बोलणं खरं करून दाखवायला माणूस काय वाटेल ते करतो! सांगतो पत्रूभाऊ, दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर मी कधी एवढा विश्वास ठेवला नसता. पण अक्षर माझं होतं.

तरी मी घाई केली नाही. तीन दुपारी पाळत ठेवली. तुराट्यांच्या कुडामागे खुर्ची टाकून, खात्याची टोपी घालून, शिटी गळ्यात अडकवून बसलो. डायरी समोर आहे. पहिल्या दिवशीची नोंद: 'संशयास्पद काही नाही. बाकड्याभोवती एक मोठा काळा भुंगा.' दुसऱ्या दिवशीची: 'संशयास्पद काही नाही. भुंगा पुन्हा. बाकड्याखाली गेला, बराच वेळ बाहेर आला नाही.' तिसऱ्या दिवशीची नोंद अर्धवट आहे, कारण माझा डोळा लागला. रुखमानं चहाला उठवलं तेव्हा बाकड्याला दुसरं छिद्र पडलेलं होतं.

११ तारखेला सकाळी अन्नपूर्णाबाईच्या चहाच्या टपरीवर काय झालं ते आपल्याला माहीत आहे, पण अहवालात येणं भाग आहे. छिद्राच्या मापाची एक तुराटी मी तासून खिशात ठेवली होती. आपण हत्यारांची पिशवी घेऊन चहाला थांबला होता, कोणाची तरी चौकट बसवायला चालला होता. मी आठ-दहा माणसांसमोर आपल्याला गिरमिट काढायला लावलं आणि त्याच्या पात्याला तुराटी लावून दाखवली. माप तंतोतंत! मी पंचनामा काढून मोठ्यानं वाचला. आपल्याच सहीचा. मला वाटलं आता तू चिडशील (पेनाची चूक), शिव्या देशील, मी पण देईन, आणि संध्याकाळी चार वाजता पुन्हा चहा. आपलं भांडण नेहमी असंच चालायचं. पण आपण गिरमिट टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणालात, "देवाजी, बावीस वरसं तुह्या कागदावर न वाचता सही केली मी. का लिवलं म्हणून एक डाव इचारलं नाई. याही कागदावर केली." आणि पिशवी उचलून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सिरोंचा.

तेव्हा मी टपरीवरच्या लोकांकडे पाहून हसलो होतो. ते हसू आठवलं की आता जेवण जात नाही.

असो, अहवाल पुढं चालू. १५ तारखेला बाकड्याला तिसरं छिद्र पडलं. आपण अडीचशे किलोमीटर लांब. मी आधी म्हटलं, जाताना पुतण्याला, अंकुशला, कामाला लावून गेले असतील. (आता मलाच लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.) त्या दुपारी चार वाजता मी बाकड्यावर एकटाच बसलो होतो, उजवीकडे, माझ्या जागी. एवढ्यात बुडाखाली गूंऽ गूंऽ करून थरथर सुरू झाली. माझा फोन मी आवाज बंद करून मागच्या खिशात ठेवतो. मला वाटलं तुझाच फोन आला! मी उठून फोन काढला, कानाला लावला, हॅलो म्हटलं. काही नाही. परत बसलो, परत थरथर. परत हॅलो. पत्रूभाऊ, बोला, म्हटलं, तिकडून फक्त गुणगुण. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला तर मी बंद फोनला म्हणालो की झालं गेलं सोडा, परत या. रुखमा वांगी तोडता तोडता हे सगळं पाहत होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि वाफ्याच्या मधोमध खालीच बसली.

मग मी वाकून पाहिलं. छिद्रातून आवाज येत होता. खात्यात असताना बिळात काय आहे हे काठीनं बघावं असं मीच नव्या पोरांना शिकवत होतो, पण त्या क्षणी काठी जवळ नव्हती आणि करंगळी होती. माप बरोबर करंगळीचंच होतं. पुढचं थोडक्यात सांगतो. आत होती भुंगीण. तिनं काय केलं असेल याचा अंदाज आपण करा. ज्या माणसाला अस्वल समोरासमोर भेटलं आणि जो जागचा हलला नाही (माहीत आहे, तू म्हणतोस मी झाडावर होतो, पण झाडावरून तरी हललो नाही ना?), तो माणूस लुंगीत वाडीभर पळाला. लुंगी तारेच्या कुंपणात अडकली आणि तिथंच राहिली. मी पुढं गेलो. अन्नपूर्णाबाई दूध घेऊन येत होती. तिनं मान फिरवली, पण जरा उशिरा. काळा, निळसर पंखांचा तो भुंगा माझ्या डोक्याभोवती घों घों करत दारापर्यंत आला. हा नर, आणि नराला नांगीच नसते, तो नुसता दम देतो, हे मला नंतर कळलं.

कोणाकडून कळलं? रुखमाकडून. तुला ठाऊक आहे, तिचं माहेर धानोऱ्याकडचं, जंगलाला लागून. करंगळीला चुना लावता लावता ती म्हणाली की हा लाकूडभुंगा. मादी नरम आणि बिनरंगाचं लाकूड शोधते, तोंडानं गोल भोक पाडते, एक पेर सरळ जाते आणि मग लाकडाच्या रेषेनं वळून लांब बोगदा करते. आत भुशाच्याच भिंती घालून खोल्या पाडते, एकेका खोलीत फुलांच्या परागाचा एक लाडू आणि त्याच्यावर एकेक अंडं. पोटापाण्याची सोय आधी, लेकरू मागून. मी विचारलं, तुले हे कधीपासून मालूम होतं? म्हणाली, पहिल्याच दिवशी भुसा पाहून. मग सांगितलं काऊन नाई? तर म्हणते, "तुमी इचारलं कुठी? तुमी तं पंचनामा करून राह्यले होते."

आणि मग तिनं माझा पंचनामा मागितला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं, 'छिद्र आत एक पेर सरळ जाऊन पुढे वळते.' म्हणाली, कोणतं गिरमिट वळते हो? चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःच्या हातानं आरोपीची सुटका लिहून ठेवली होती आणि त्याच कागदावर त्याला धरलं. (आता रागावू नकोस, पण तू तो कागद एकदा वाचला असतास तर पहिल्याच दिवशी म्हणाला असतास, अरे येड्या, गिरमिटाचं भोक सरळ असते. म्हणजे थोडी चूक तुझीही. नाही, हे वाक्य खोडतो. खोडलं असं समज.)

त्यानंतर मी बाकडं साफ करायचं ठरवलं. निदान एवढं तरी करावं, की पत्रूच्या हातचं लाकूड वाचलं. कोणी म्हणालं रॉकेल, कोणी म्हणालं धूर, शेजारचा पोचू म्हणाला शेण-माती लिंपून भोकंच बुजवून टाका. मी घमेल्यात शेण कालवून वाडीत गेलो तर रुखमा बाकड्यावर मांडी घालून बसलेली. डावीकडे, तुझ्या जागी. म्हणाली, "माह्या भुंग्याले हात लावून पाहा." मला कळेना ही कोणाच्या बाजूनं आहे. तर तिनं वांग्याचा वाफा दाखवला. पत्रू, खोटं नाही सांगत, अशी वांगी आपल्या वाडीत कधी धरली नव्हती. तो भुंगा सकाळी फुलावर बसतो, फूल गच्च धरतो आणि असा घुमतो की सगळं फूल थरथरतं आणि पराग झडतो. मी अर्धा तास पाहत उभा राहिलो, हातातलं शेण वाळलं. रुखमाचं म्हणणं, पोरं उडून जाईस्तोवर बाकड्याला कोणी हात लावायचा नाही. भोकात बोट न घालणाऱ्या माणसाला ते काही करत नाहीत. तेव्हा सध्या आमच्या वाडीत भुंग्यांना अभय आहे, आणि खाली बसणाऱ्याला ढुंगणाखाली मोफत मालिश.

गावाचं म्हणशील तर मी १६ तारखेला टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पट्टी बांधलेली करंगळी दाखवली. लोक पोट धरून हसले, ते ठीक. पण अन्नपूर्णाबाईनं चहा दिला तो बिनसाखरेचा, आणि म्हणाली, साखर पत्रूभाऊ आल्यावर. आज अकरा दिवस झाले, अजून तोच चहा चालू आहे. पोरंसोरं मला 'भुंगासाहेब' म्हणतात. मी ओ देतो.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात अंकुश दारात आला. म्हणाला, काकानं निरोप पाठवला आहे की आता तो तिकडेच राहणार, रंधा, वाकस, पटाशी, सगळी हत्यारं विकून टाक. सावली गावचा एक माणूस घ्यायला तयार आहे, पण त्याला संच पुरा पाहिजे, आणि टपरीवर राहिलेलं गिरमिट तेवढं तुमच्याकडे आहे. पत्रू, तुझ्या हत्यारांशिवाय तू? तू तर सोयरिकीला जातानाही खिशात खडू आणि दोरा घेऊन जातोस. मी अंकुशला सांगितलं की गिरमिट हा जप्त मुद्देमाल आहे, तो ज्याच्याकडून जप्त केला त्यालाच, समक्ष, सुपूर्दनामा करून परत देता येतो. पुतण्याला नाही. अंकुश म्हणाला, काका, तुमी रिटायर झाले ना? मी म्हटलं, मी झालो, मुद्देमाल नाही झाला. सावलीवाला रविवारी पुन्हा येणार आहे. त्यालाही मी हेच सांगणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगीन. पण किती रविवार सांगू?

मोहफुलं पडायला लागली आहेत. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जातं आणि तुझ्या दोन झाडांखालची फुलं तशीच पडून राहतात. मी दोन दिवस वेचली. कमरेची उसण पुन्हा भरली. अहवाल इथं संपला.

कळावे, लोभ होता तो असावा.

आपला (खरं म्हणजे तुझा),
देवाजी रामटेके
वनरक्षक, सेवानिवृत्त

ता. क. १: पत्र लिहिण्याचं कारण सांगायचं राहिलं. बाकड्याचा डावा पाय हलतो आहे. आपल्या भागात दुसरा सुतार नाही, म्हणून नाइलाजानं आपल्याला तसदी द्यावी लागते. केवळ कामापुरतं येऊन जावं. पोरं उडाली की रंगही लावून टाकू. हिरवाच लावू. ऑइलपेंट.

ता. क. २: भाऊ, जोहार. मी रुखमा लिहून राह्यली, हे पाकीट आणाले गेले तेवढ्यात. बाकड्याचा पाय काई हालत नाई, मी बसून पाह्यलं. रोज चार वाजले का हे दोन कप चहा ठेव म्हनतात. दुसरा कप कोनी पेत नाई, बकरीले द्या लागते. बकरीले आता चहाची आदत लागली, चार वाजले का वरडते. यायच्या बोटाची सूज दोन दिवसात उतरली, पट्टी अजून बांधून फिरतात, लोकायले दाखवाले. हे पत्र यायनं पाच खेपा लिवलं. पहिल्या चार पत्रात नुसतं 'चुकलो' एवढंच होतं, ते फाडून टाकले. मी तुकडे ठेवले आहेत, तुमी आले का दाखवीन. प्रवीणजवळ वांगे पाठवून राह्यली. रीनाले सांगा, तेल कमी घाल.

ता. क. ३: रुखमानं वर काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. (वाचलं. बकरीचं खरं आहे.) आता शेवटचं. नवीन पंचनामा तयार केला आहे. बाकड्याला पडलेली तीन छिद्रं भुंग्याची असल्याबद्दल, आणि ११ मार्च रोजी आठ-दहा लोकांसमोर एका चांगल्या माणसाची बेअब्रू झाली, ती कोणी केली त्याबद्दल. आरोपीच्या रकान्यात माझं नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पंचनाम्याला दोन पंच लागतात. रुखमाची सही झाली. दुसरी जागा रिकामी आहे आणि ती मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. कागद पोस्टानं पाठवत नाही, तो बाकड्यावर, डाव्या बाजूला, गिरमिटाखाली दाबून ठेवला आहे. ये. चष्मा आण, आणि या खेपेला वाचून सही कर.